गाठी भरपूर, नत्र शून्य: कडधान्यांच्या मुळांतले ट्रान्सपोर्टर नेमकं करतात काय

सोयाबीन चाळीस-पंचेचाळीस दिवसांचं झालं की एखादं झाड उपटून बघायचं, म्हणजे खेचायचं नाही, खुरप्यानं बाजूची माती मोकळी करून अलगद काढायचं, नाहीतर निम्म्या गाठी मातीतच राहतात, मग मुळं बादलीत खळबळून धुवायची आणि एक टपोरी गाठ नखानं फोडायची. आतून गुलाबी-लाल निघाली तर काम चालू आहे. पांढरीफटक निघाली तर नत्राच्या नावानं बोंब. एवढं कृषी सहायकापासून खताच्या दुकानदारापर्यंत सगळे सांगतात आणि बरोबरच सांगतात. पण जिवाणू आत शिरलाय, गाठ बांधून झालीय, तरी नत्र का नाही असं विचारलं की बहुतेक जण "जिवाणू चांगला नसेल" म्हणून मोकळे होतात. कधी कधी ते खरंही असतं. पण प्रयोगशाळेत असे कितीतरी प्रयोग झालेत की जिवाणू तोच, अस्सल, झाडाचं फक्त एक जीन बिघडवलेलं, आणि गाठी आल्या पण नत्र काही बांधला गेला नाही. हे एक जीन बऱ्याचदा ट्रान्सपोर्टरचं निघतं. आज त्याबद्दलच बोलू, कारण या विषयावर मराठीत गाठी, रायझोबियम (गाठीतला जिवाणू), बीजप्रक्रिया यावर ढीगभर लिहिलेलं सापडतं पण गाठीच्या आत माल ये-जा कसा करतो यावर जवळजवळ काहीच नाही.

शाळेत एका ओळीत शिकवतात, झाड जिवाणूला साखर देतं आणि जिवाणू झाडाला नत्र देतो. आता "देतं" म्हणजे कसं देतं? प्रत्येक पेशीभोवती चरबीचा दुपदरी पापुद्रा असतो, पेशीपटल म्हणा किंवा मेंब्रेन म्हणा, आणि त्यातून साखर, फॉस्फेट, सल्फेट, लोह असलं काहीही आपोआप पार होत नाही. ऑक्सिजन, नायट्रोजन असे वायू जातात, बाकी प्रत्येक मालाला त्या पापुद्र्यात रुतून बसलेलं एक ठराविक प्रथिन लागतं, तोच ट्रान्सपोर्टर. ते प्रथिन कसं बनवायचं हे ज्या जीनमध्ये असतं ते ट्रान्सपोर्टर जीन. यातले काही नुसती वाट मोकळी करतात, म्हणजे माल जिथे जास्त आहे तिथून कमी आहे तिकडे आपला आपण जातो. काही मात्र कमीकडून जास्तीकडे ओढून नेतात आणि त्याला ताकद लागते, ती वनस्पतीत बहुतेक वेळा प्रोटॉन पंपामुळे मिळते. एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) खर्च करून हायड्रोजनचे आयन, म्हणजेच प्रोटॉन, पापुद्र्याच्या एका बाजूला साठवायचे, मग ते परत यायला धडपडतात आणि येताना सोबत दुसरा माल घेऊन येतात. हे प्रोटॉनचं प्रकरण लक्षात ठेवा, पुढे बुरशीच्या गोष्टीत लागणार आहे.

गाठींमुळे हवेतला नत्र मिळतो हे जर्मनीत हेलरीगेल आणि विल्फार्थ या दोघांनी १८८६ ते १८८८ दरम्यान दाखवून दिलं, आणि १८८८ मध्येच हॉलंडच्या बायेरिंकनं गाठीतला जिवाणू वेगळा काढून वाढवला. पण तो जिवाणू पेशीत नेमका कसा राहतो हे बघायला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप यावा लागला. तर जिवाणू पेशीत मोकळा फिरत नाही. तो आत येताना झाडाच्याच पेशीपटलाचा तुकडा स्वतःभोवती गुंडाळून येतो, म्हणजे जिवाणूचं स्वतःचं पटल वेगळं आणि त्याच्या बाहेर झाडाचं पटल. या पिशवीला सिम्बायोसोम म्हणतात आणि गाठीतल्या एकेका पेशीत अशा हजारो पिशव्या ठासून भरलेल्या असतात. याचा अर्थ असा की जिवाणूला जे काही मिळणार, अगदी कणभर लोहसुद्धा, ते झाडाच्या पटलातून झाडाच्याच ट्रान्सपोर्टरनं मिळणार, आणि जिवाणूनं जे तयार केलं तेही त्याच वाटेनं बाहेर येणार. बटईनं दिलेल्या शेतासारखं आहे हे: कष्ट सगळे वाटेकऱ्याचे, पण पाणी कधी सोडायचं, खत किती द्यायचं आणि खळ्यावरून माल कुणी उचलायचा हे मालकाच्या हातात. आपण याला सहजीवन म्हणतो, मैत्री म्हणतो, पण त्या पिशवीकडे नीट बघितलं की मैत्री वगैरे जरा जास्तच गोड शब्द वाटतो.

पुढे जाण्याआधी दोन झाडांची ओळख करून देतो कारण बहुतेक प्रयोग यांच्यावरच झालेत. एक लोटस जॅपोनिकस, जपानमधलं रानटी पिवळ्या फुलांचं रोपटं, आणि दुसरं मेडिकॅगो ट्रंकॅट्युला, भूमध्य समुद्राच्या बाजूचं तण. हे दुसरं म्हणजे आपल्याकडे जनावरांना घालतात त्या लसूणघासाचं सख्खं भावंड, आणि मेथीचंही जवळचं नातेवाईक. ही झाडं लहान, लवकर बी धरणारी, जीनोम छोटा, म्हणून शास्त्रज्ञांची लाडकी. सोयाबीनवर पण भरपूर काम झालंय कारण त्यात पैसा आहे.

आता पहिला माल, जिवाणूचं खाणं. पानातून साखर म्हणजे सुक्रोज गाठीपर्यंत येतं, त्यासाठी स्वीट नावाच्या कुटुंबातले ट्रान्सपोर्टर आहेत, हे नाव खरंच स्वीट असंच आहे. मेडिकॅगोच्या गाठीत स्वीट११ भरपूर सापडतो म्हणून २०१६ च्या सुमारास लोकांनी तो बंद करून बघितला, तर गाठींना काही फरकच पडला नाही! कारण एवढ्या महत्त्वाच्या मालासाठी झाड एका ट्रान्सपोर्टरवर विसंबून राहत नाही, त्याच कुटुंबातले दुसरे काम सांभाळून घेतात. पण गंमत पुढे आहे. ही साखर जिवाणूपर्यंत जातच नाही. गाठीतली पेशी ती मोडून मॅलेट नावाचं सेंद्रिय आम्ल बनवते आणि जिवाणूला मुख्यतः ते मॅलेट मिळतं. जिवाणूच्या स्वतःच्या पटलात मॅलेट आत ओढणारा डीसीटीए नावाचा ट्रान्सपोर्टर असतो, आणि ऐंशीच्या दशकातच दिसून आलं होतं की हा बिघडलेले जिवाणू गाठी व्यवस्थित बनवतात पण नत्र बांधत नाहीत. साखर वापरायची यंत्रणा बिघडलेले जिवाणू मात्र बरेचदा बिनघोर नत्र बांधतात. म्हणजे शाळेतल्या ओळीतला "साखर देतं" हा भाग पानापासून गाठीपर्यंत खरा आणि गाठीपासून जिवाणूपर्यंत चूक.

एवढं खाणं कशाला लागतं? तर नायट्रोजिनेज नावाचं जे एन्झाइम हवेतला नत्र फोडतं ते भयंकर खादाड आहे, नत्राच्या एका रेणूमागे १६ एटीपी खातं. वर पुन्हा त्याला ऑक्सिजन चालत नाही, ऑक्सिजन लागला की ते कायमचं बाद. म्हणून गाठीत लेगहिमोग्लोबिन असतं, आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच जातीचं, ते मोकळा ऑक्सिजन धरून ठेवतं आणि जिवाणूला श्वासापुरता मोजून पुरवतं. तो गुलाबी रंग त्याचा.

आता माझ्या मते या सगळ्यातला सर्वात भारी भाग, आणि शेतकऱ्याच्या कामाचाही, तो म्हणजे धातू आणि गंधक. नायट्रोजिनेजच्या पोटात लोखंड, मॉलिब्डेनम आणि गंधकाचा एक गुच्छ असतो, सात लोखंडाचे अणू, एक मॉलिब्डेनमचा, नऊ गंधकाचे आणि मध्ये एक कार्बन. हा गुच्छ नाही तर एन्झाइम नाही. आणि हे तीनही पदार्थ जिवाणूला मातीतून थेट घेता येत नाहीत कारण तो आता पिशवीत बसलाय. झाडानं ते मुळातून घ्यायचे, गाठीपर्यंत आणायचे, पेशीत घ्यायचे आणि मग पिशवीत ढकलायचे. प्रत्येक टप्प्याला वेगळा ट्रान्सपोर्टर.

गंधकाचं उदाहरण सगळ्यात स्वच्छ आहे. लोटसमध्ये एसएसटी१ नावाचं जीन आहे, सल्फेट वाहून नेणारं, ते फक्त गाठीतच चालू असतं आणि त्याचं प्रथिन सिम्बायोसोमच्या पटलावर सापडतं. २००५ मध्ये याचे म्युटंट, म्हणजे हे जीन बिघडलेली झाडं, प्रसिद्ध झाले. झाडाला वरून नत्र खत दिलं तर झाड एकदम ठणठणीत, शेजारच्या झाडात आणि यात फरक कळत नाही. नत्र बंद करून जिवाणूच्या भरवशावर सोडलं की मात्र पानं पिवळी, वाढ खुंटलेली, मुळं बघावीत तर गाठी आहेत, पण बारीक आणि अकाली म्हाताऱ्या झालेल्या. एक जीन, एकच माल, आणि सगळा खेळ खलास. झाडात सल्फेटचे बाकीचे ट्रान्सपोर्टर आहेतच, ते मुळात आणि पानात आपापलं काम करत असतात, पण सिम्बायोसोमवर त्यातलं कुणी जाऊन बसत नाही. साखरेच्या बाबतीत कुटुंबातले भाऊबंद मदतीला आले, इथे नाही आले. ट्रान्सपोर्टर आहे की नाही याच्याइतकंच तो कुठल्या पटलावर बसलाय हे महत्त्वाचं, असं मी जे कायम म्हणतो ते यामुळेच.

लोहाचं तसंच. लोटसमधलं सेन१ हे जीन बिघडलं की गाठी फिकट पडतात, जिवाणूची आतली वाढ अर्धवट राहते, नत्र काही येत नाही. हे २०१२ चं काम. मग मेडिकॅगोत त्याचं भावंड व्हीटीएल८ सापडलं, सोयाबीनमध्येही त्याच घराण्यातलं सापडलं, म्हणजे लोह पिशवीत ढकलायची ही पद्धत तीनही झाडांत एकच. पण त्याच्या आधीचे टप्पे पण बघा, कारण पिशवीपर्यंत लोह पोचलंच नाही तर सेन१ काय करणार. लोह झाडाच्या नळ्यांमधून सायट्रेटला धरून प्रवास करतं, ते सायट्रेट बाहेर सोडायला मेट नावाच्या कुटुंबातला एक ट्रान्सपोर्टर लागतो, मग एनरॅम्प१ ते गाठीतल्या पेशीच्या आत घेतो, मग पुढे व्हीटीएल८. माद्रिदमधल्या एका गटानं असे धातूंचे टप्पे एकेक करून शोधून काढलेत, त्यांनीच २०१७ मध्ये मॉट१.३ दाखवला, जो मॉलिब्डेनम म्हणजे मॉलिब्डेट पेशीत घेतो, तो बंद केला की गाठीतलं नायट्रोजिनेजचं काम एकदम पडतं आणि मॉलिब्डेट जास्त घातलं की सुधारतं.

हे शेवटचं वाक्य परत वाचा, कारण आपल्या शेताशी याचा संबंध आहे. ट्रान्सपोर्टर ठीक असेल पण मातीत मालच मिळत नसेल तर परिणाम तोच. मराठवाड्यात, पश्चिम महाराष्ट्रात चुनखडीच्या काळ्या जमिनीत लोह भरपूर असतं पण सामू जास्त असल्यामुळे ते विरघळत नाही, म्हणून भुईमूग आणि सोयाबीनची शेंड्याकडची पानं पिवळी पडतात, शिरा हिरव्या राहतात आणि आपण फेरस सल्फेट फवारतो. फवारणीनं पान हिरवं होतं हे दिसतं, पण लेगहिमोग्लोबिन आणि नायट्रोजिनेज दोन्हींना लोह लागतं त्यामुळे खाली गाठीतही त्याच वेळी टंचाई चालू असते, ती कुणी बघत नाही. कोकणात उलटं. जांभ्या आम्लधर्मी मातीत लोह मुबलक, पण मॉलिब्डेनम आम्लात घट्ट बसतं, मुळाला मिळत नाही, भातानंतर तिथे वाल नाहीतर कुळीथ लावला तर त्याला ही अडचण येऊ शकते, चुना टाकला की मॉलिब्डेनम मोकळं होतं. आणि गंधक तर सगळीकडेच कमी होत चाललंय, कारण पूर्वी सिंगल सुपर फॉस्फेट वापरायचे त्यात स्फुरदासोबत ११ टक्के गंधक फुकट यायचं, आता सगळे डीएपीच्या मागे, त्यात गंधक नाहीच्यात जमा. कडधान्याला आणि सोयाबीनला गंधक द्या असं कृषी विद्यापीठं सांगतात तेव्हा लोकांना वाटतं तेलाचं प्रमाण वाढायला, ते आहेच, पण एसएसटी१ ची गोष्ट वाचल्यावर दुसरं कारणही कळतं.

बरं आता बाहेर येणारा माल. जिवाणू अमोनिया बनवतो, तो त्याच्या पटलातून बाहेर पडतो, पिशवीच्या पोकळीत येतो, तिथे वातावरण आम्लधर्मी असतं कारण झाड त्या पोकळीत प्रोटॉन पंप करत असतं, म्हणून अमोनियाचं अमोनियम होतं आणि आयन झाल्यामुळे ते परत जिवाणूत सहज शिरू शकत नाही. हुशारी आहे ना. मग झाडाच्या पटलातून ते पेशीत घ्यायचं. सोयाबीनच्या या पटलात नोड्युलिन-२६ नावाचं एक प्रथिन असतं, पाण्याच्या वाटा असतात ना पेशीत, अॅक्वापोरिन, त्या कुटुंबातलं, आणि ते पटलातल्या एकूण प्रथिनाच्या सुमारे १० टक्के असतं म्हणजे प्रचंड. त्यातून अमोनिया जातो. आणखी बारीक गोष्ट म्हणजे या प्रथिनाचं जे शेपूट पेशीच्या बाजूला असतं तिथेच ग्लुटामिन सिंथेटेज हे एन्झाइम येऊन चिकटतं, म्हणजे अमोनिया बाहेर आला की लगेच त्याचं ग्लुटामिन, पेशीत मोकळा फिरून विषबाधा करायला वेळच नाही.

इथेच संशोधनातली एक मजेशीर गोष्ट सांगायलाच हवी. १९९८ मध्ये सोयाबीनचं सॅट१ नावाचं जीन गाजलं, अमोनियमचा ट्रान्सपोर्टर सापडला म्हणून, सायन्स मासिकात आलं. यीस्टमध्ये टाकलं की यीस्ट अमोनियम घ्यायला लागायचं, म्हणजे पुरावा पण होता. पण प्रथिनाचा आकार ट्रान्सपोर्टरसारखा नव्हता, पटलात रुतायला जसे पट्टे लागतात तसे नीट नव्हते. मग २०१४ मध्ये कळलं की हा ट्रान्सपोर्टर नव्हेच, हा दुसऱ्या जीन्सना चालू-बंद करणारा मुकादम छाप प्रथिन आहे, यीस्टमध्ये तो यीस्टचाच एक ट्रान्सपोर्टर चालू करत होता आणि त्या ट्रान्सपोर्टरचं भावंड सोयाबीनमध्येही आहे. सोळा वर्षं लागली. आणि ज्या संशोधकाचं पहिलं काम होतं तोच दुसऱ्या कामातही होता, हे मला फार आवडलं, स्वतःच्याच निष्कर्षाला खोदत राहायला दम लागतो.

गाठीतून पुढे वरच्या झाडाकडे नत्र कशा रूपात जातो यावर कडधान्यांचे दोन गट पडतात. हरभरा, वाटाणा, मसूर, लसूणघास ही मंडळी मुख्यतः अॅस्परॅजिनसारखी अमाइड पाठवतात. सोयाबीन, तूर, मूग, उडीद, चवळी ही उष्ण भागातली मंडळी युरिड पाठवतात, अॅलँटॉइन आणि अॅलँटॉइक आम्ल. अॅस्परॅजिनमध्ये चार कार्बनला दोन नत्र आणि अॅलँटॉइनमध्ये चार कार्बनला चार, म्हणजे तेवढ्याच कार्बनमध्ये दुप्पट नत्र रवाना. या युरिडसाठी यूपीएस१ नावाचा ट्रान्सपोर्टर आहे. २०१२ मध्ये एका अमेरिकन गटानं सोयाबीनच्या गाठीत तो दाबून बघितला तर युरिड गाठीतच तुंबले आणि वर झाडाला नत्राची टंचाई, म्हणजे कारखाना चालू पण माल गोदामात पडून. मग त्याच गटानं २०१६ मध्ये उलटं केलं, राजम्याचा यूपीएस१ सोयाबीनच्या गाठीत जादा चालवला, तर नुसती वाहतूकच नाही, नत्र बांधण्याचं प्रमाणच वाढलं आणि दाणाही वाढला. माल उचलला जाऊ लागला तसा मागे जिवाणूही जास्त बनवू लागला. नत्र किती बांधायचा हे जिवाणूच्या ताकदीवर ठरतं असं आपण समजतो, पण बऱ्याच अंशी ते बाहेर नेणाऱ्या वाटेवरही ठरतं. आणि याच युरिडचा एक व्यवहारी उपयोग, तूर-सोयाबीनच्या खोडातला रस काढून त्यात युरिडचं प्रमाण मोजलं की झाडाचा किती नत्र हवेतून आला आणि किती मातीतून, याचा अंदाज लागतो, गाठी मोजण्यापेक्षा हे कितीतरी खरं.

जिवाणूच्या बाजूचे ट्रान्सपोर्टर राहिलेच. वाटाण्यातला रायझोबियम गाठीत गेल्यावर ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन ही तीन अमिनो आम्लं स्वतः बनवणं जवळजवळ बंद करतो आणि झाडाकडून घ्यायला लागतो. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की ही अमिनो आम्लं आत घेणारे जिवाणूचे ट्रान्सपोर्टर काढून टाकले तर झाड नत्राअभावी पिवळं पडतं. म्हणजे जिवाणू या तीन आम्लांपुरता झाडावर पूर्ण अवलंबून, झाडाला वाटलं तर पुरवठा आवळायची सोय. मेडिकॅगो तर याच्याही पुढे जातं, ते जिवाणूवर एनसीआर नावाच्या सुमारे ७०० वेगवेगळ्या छोट्या प्रथिनांचा मारा करतं, त्यानं जिवाणू फुगतो, मोठा होतो आणि परत कधीच विभागू शकत नाही, गाठ गेली की तोही गेला. यातून तगायला जिवाणूला बॅकए नावाचा स्वतःचा ट्रान्सपोर्टर लागतो, तो ही प्रथिनं पटलावरून आत ओढून घेतो, नाहीतर ती पटलालाच भोकं पाडतात. बॅकए नसलेला जिवाणू मेडिकॅगोच्या पेशीत आल्या आल्या मरतो. सोयाबीन, मूग, उडीद असला प्रकार करत नाहीत, तिथे जिवाणू त्यामानानं सुखात असतो.

आता बुरशीकडे येऊ. दुकानात व्हॅम म्हणून पाकिटं मिळतात ती मायकोरायझा, आणि खरं तर मुळांची ही जुनी सोयरीक आहे, ४० कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाश्मातही दिसते, गाठींचा जिवाणू त्यामानानं कालचा पोरगा. बहुतेक सगळ्या पिकांना ही बुरशी चालते, कोबी-मोहरीचं घराणं सोडून. बुरशीचा धागा मुळाच्या पेशीत शिरतो आणि आत झुडपासारखा फुटतो, त्याला आरबस्क्युल म्हणतात. इथेही तेच, बुरशी पेशीच्या आत पण झाडाच्या पटलाच्या बाहेर, झाडाचं पटल प्रत्येक फांदीभोवती गुंडाळलेलं. बुरशी लांबवरून स्फुरद आणते आणि या पटलावर बसलेला पीटी४ नावाचा फॉस्फेट ट्रान्सपोर्टर तो पेशीत घेतो. मेडिकॅगोतला पीटी४ २००२ मध्ये सापडला, आणि २००७ मध्ये त्याच प्रयोगशाळेनं, मारिया हॅरिसन यांची, तो बंद करून बघितला. अपेक्षा काय, की झाडाला स्फुरद कमी पडेल. ते तर झालंच. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे आरबस्क्युलच वेळेआधी कोलमडायला लागले, झाडानं ते पचवून टाकले. म्हणजे झाडाच्या पेशीला स्फुरद मिळतोय की नाही यावर ती बुरशीला ठेवायचं की काढायचं हे ठरवते. स्फुरद आला, राहा. नाही आला, चल नीघ.

याच्यावर कळस म्हणजे नंतर असं दिसलं की हेच पीटी४ नसलेलं झाड जर नत्राला उपाशी ठेवलं तर आरबस्क्युल कोलमडत नाहीत! कारण बुरशी स्फुरदासोबत नत्रही आणते, आणि तो अमोनियम घ्यायला एएमटी२;३ नावाचा ट्रान्सपोर्टर त्याच पटलावर असतो. झाडाला नत्राची गरज असेल आणि तो मिळत असेल तर स्फुरद नाही आला तरी चालवून घेतं. २०१५ मध्ये दोन्ही ट्रान्सपोर्टर एकदम काढले तेव्हा ही सवलत गेली. हे दोघं चालायला पटलापलीकडे प्रोटॉन साठलेले हवेत, आणि त्यासाठी खास आरबस्क्युलच्या पेशीत चालू होणारा एचए१ हा प्रोटॉन पंप आहे (वर लक्षात ठेवा म्हटलं होतं तो). २०१४ मध्ये तो बंद केला तर पीटी४ जागेवर असूनही स्फुरद येईना आणि आरबस्क्युल खुरटे राहिले.

बदल्यात झाड काय देतं? इथे पण वर्षानुवर्षं पुस्तकात साखर लिहिलेलं होतं. साखर जातेच, पण २०१७ मध्ये एकापाठोपाठ एक असे चार-पाच शोधनिबंध आले की झाड चरबी पण देतं, फॅटी आम्लाच्या रूपात. ही बुरशी धाग्यात तेलाचे थेंब भरून ठेवते, पण फॅटी आम्ल बनवायचं मुख्य यंत्रच तिच्या जीनोममध्ये नाही, म्हणजे तेल सगळं उसनं. झाडाच्या पेशीत हे खास स्निग्ध रेणू तयार होतात आणि एसटीआर व एसटीआर२ या जोडीच्या ट्रान्सपोर्टरमधून बाहेर जातात असं सगळे पुरावे सांगतात, हे दोन अर्धे-अर्धे असतात, दोघं मिळून एक होतात. ते २०१० मध्येच सापडले होते, बंद केले की आरबस्क्युल खुंटतात म्हणून नावही तसलंच दिलेलं, पण वाहून काय नेतात हे सात वर्षं कुणाला कळत नव्हतं.

दोन्ही सोयरिकींची सुरुवातही ट्रान्सपोर्टरनंच होते. बुरशीला बोलावायला मूळ स्ट्रिगोलॅक्टोन नावाचं रसायन सोडतं, त्याला बाहेर काढणारा ट्रान्सपोर्टर पेट्युनियात २०१२ मध्ये सापडला (याच वासावर ज्वारीच्या मुळावर जगणारं टारफुला हे तण पण उगवतं, त्यामुळे झाडाची पंचाईत आहे). जिवाणूचा किंवा बुरशीचा निरोप आला की मुळाच्या पेशीत केंद्रकाभोवती कॅल्शियमचे ठोके पडायला लागतात, मिनिटा-दोन मिनिटाला एक. हे ठोके पहिल्यांदा १९९६ मध्ये दिसले ते चक्क लसूणघासाच्या मुळावरच्या केसांत. ठोके पाडायला केंद्रकाच्या पटलावर आयनांच्या वाटा लागतात, मेडिकॅगोत डीएमआय१, लोटसमध्ये कॅस्टर आणि पोलक्स अशी जुळ्यांची नावं, आणि त्या बिघडल्या की जिवाणू पण नाही आणि बुरशी पण नाही, दोन्ही दारं बंद. ४० कोटी वर्षांपूर्वीची बुरशीसाठीची यंत्रणा कडधान्यांनी जिवाणूसाठी परत वापरलीय हे याच जीन्सवरून पक्कं झालं.

युरिया टाकला की गाठी का कमी होतात हे विचारणारे बरेच असतात. युरियाचं मातीत नायट्रेट बनतं, मातीत नायट्रेट असेल तर झाडाला जिवाणू पोसायची गरजच वाटत नाही, आणि नायट्रेट किती आहे हे झाडाला काही अंशी कळतं ते नायट्रेटच्या ट्रान्सपोर्टरमधून, त्यातले काही नुसते वाहतच नाहीत, गाठीची वाढही ठरवतात. मेडिकॅगोतला एनपीएफ७.६ हा गाठीच्या नळ्यांतच बसलेला आहे. म्हणून पेरणीबरोबर थोडा नत्र ठीक, पुढे भर पिकात पोतं ओतायचं नाही. स्फुरद आणि बुरशीचंही तसंच, मातीत स्फुरद ठासून भरला की आरबस्क्युल कमी, मग व्हॅमचं पाकीट टाकून उपयोग काय.

अधूनमधून बातमी येते की गव्हाला, मक्याला गाठी आणणार, युरिया बंद होणार. इंग्लंडमध्ये केंब्रिजला जाइल्स ओल्ड्रॉइड या संशोधकानं असा मोठा प्रकल्प खरंच उभा केला आणि काम गंभीर आहे, थट्टेचा विषय नाही. बुरशीची बाजू तृणधान्यात आधीच आहे, भातात पीटी११ (पीटी४ चं भावंड) आणि एसटीआर दोन्ही आहेत, कॅल्शियमचे ठोकेही पडतात. पण बातमी गाठ बनवण्यापाशी थांबते. गव्हात सल्फेटचे ट्रान्सपोर्टर आहेत, लोहाचे आहेत, मॉलिब्डेटचे आहेत, फक्त ते सिम्बायोसोमच्या पटलावर नाहीत कारण गव्हात ते पटलच नाही. एसएसटी१, सेन१, मॉट१.३, अमोनियमची वाट, प्रोटॉन पंप, सगळे नेमक्या जागी, नेमक्या दिवशी, नेमक्या तोंडानं बसवायचे. यावर एक आडवाट दिसते ती पॅरास्पोनिया या झाडात, भांगेच्या कुळातलं आग्नेय आशियातलं झाड, कडधान्य नसूनही रायझोबियमच्या गाठी धरणारं. त्यात जिवाणू सुट्या पिशवीत सोडलेला नसतो, बारीक दोऱ्यासारख्या नळीतच राहतो आणि त्या नळीचं पटल पेशीच्या बाहेरच्या पटलाला जोडलेलंच असतं, म्हणजे ट्रान्सपोर्टरला नव्या पत्त्यावर पाठवायची कटकट त्यामानानं कमी. नत्र त्यातही बांधला जातो.